इंजिन बदलले, पण पुढच्या स्प्रिंगांचे काय?

प्रीमियर पद्मिनीची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली होती. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून अधिकृतपणे निवृत्त झाली. खासगी मालकांकडच्या पद्मिनी मात्र अजून आहेत, आणि त्यांच्या मालकांपुढे एक प्रश्न वारंवार उभा राहतो. मूळचे १०८९ सीसीचे इंजिन थकले आहे, सुटे भाग मिळणे अवघड झाले आहे. मग दुसरे इंजिन बसवावे का? कोणी ११८ एनई या त्याच कंपनीच्या गाडीतले निस्सान बनावटीचे ११७१ सीसीचे इंजिन बघतो, कोणी डिझेलकडे वळतो, कोणी थेट विजेच्या मोटरचा विचार करतो. इंजिन, गिअरबॉक्स आणि रेडिएटर यांवर महिनोन्‌महिने चर्चा होते. पुढच्या स्प्रिंगांचा विचार मात्र गाडी पहिल्यांदा रस्त्यावर उतरते आणि तिचे नाक एका बाजूला झुकलेले दिसते, तेव्हा सुरू होतो.

स्प्रिंगा इंजिन ठरण्याच्या वेळीच, कागद-पेन्सिल घेऊन ठरवता येतात आणि तशाच ठरवायला हव्यात. त्यासाठी लागणारे गणित शाळेतल्या इयत्तांपलीकडे जात नाही, म्हणून ते इथे पायरीपायरीने मांडतो आहे.

स्प्रिंग नेमके काय करते

जुन्या रद्दीवाल्याकडे असणारा तानकाटा आठवा. हुकाला जितके जास्त वजन लावावे तितका काटा खाली येतो. पाच किलोला जेवढा खाली, दहा किलोला त्याच्या दुप्पट. रॉबर्ट हुक यांनी १६७८ साली प्रसिद्ध केलेला नियम तो हाच. गाडीची स्प्रिंग ताणली न जाता दाबली जाते, एवढाच फरक. एक मिलिमीटर दाबायला किती किलो वजन लागते, या आकड्याला आपण स्प्रिंगचा कडकपणा म्हणू. ज्या स्प्रिंगेला एक मिलिमीटर दाबायला ४ किलो लागतात, तिचा कडकपणा ४. परदेशी विक्रेते हाच आकडा पौंड प्रति इंच या मापात देतात. आपल्या आकड्याला ५६ने गुणले की तो मिळतो.

स्प्रिंगेचा दुसरा आकडा म्हणजे तिची मोकळी लांबी, म्हणजे तिच्यावर काहीच वजन नसताना ती जेवढी लांब असते तेवढी. गाडी किती उंच उभी राहील हे कडकपणा आणि मोकळी लांबी या दोन्हींनी मिळून ठरते. खड्ड्यात ती किती मऊ किंवा किती कडक लागेल हे मात्र एकट्या कडकपणावर अवलंबून असते. बाजारात आणि गॅरेजमध्ये होणारे बहुतेक घोटाळे या दोन गोष्टी एकच समजल्यामुळे होतात. ‘गाडी खाली बसली, म्हणजे स्प्रिंग मऊ झाली, म्हणजे कडक घाला’ या वाक्यातल्या दोन्ही ‘म्हणजे’ तपासून घ्याव्या लागतात.

पद्मिनी ही मुळात फियाटची ११०० डी. तिच्या पुढच्या प्रत्येक चाकाला वर-खाली दोन त्रिकोणी आर्म असतात आणि वजन गुंडाळीच्या स्प्रिंगेवर तोललेले असते; मागे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा म्हणजे पाटे असतात. ज्यांच्याकडे ॲम्बेसेडर आहे त्यांना पुढे गुंडाळीची स्प्रिंग सापडणार नाही, कारण मॉरिस ऑक्सफर्डकडून आलेल्या त्या रचनेत पिळली जाणारी पोलादी दांडी म्हणजे टॉर्शन बार असतो. त्याची टोकाची पकड फिरवून गाडीची उंची बदलता येते, पण दांडीचा कडकपणा त्याने तसूभरही बदलत नाही. पुढचा हिशोब दोघांनाही सारखाच लागू आहे.

आधी वजन, मग बाकी सगळे

इंजिनाच्या आकारावरून त्याचे वजन ओळखता येत नाही. याचे सर्वांत बोलके उदाहरण इंग्लंडमधल्या एमजीबी या मोटारीचे आहे, आणि ते महत्त्वाचे अशासाठी की तिथे इंजिन खुद्द कारखान्यानेच दोनदा बदलले.

एमजीबीमध्ये मूळ इंजिन १.८ लिटरचे, चार सिलिंडरचे आणि बिडाचे होते. १९६७ साली त्याच गाडीत २९१२ सीसीचे सहा सिलिंडरचे इंजिन बसवून एमजीसी काढण्यात आली. नवे इंजिन सुमारे ९५ किलोंनी जड होते आणि लांबही होते. मूळची पुढची आडवी चौकट त्याच्याखाली मावेना, म्हणून गुंडाळीच्या स्प्रिंगा काढून टॉर्शन बार घालावे लागले. गाडी सरळ रस्त्यावर वेगवान होती, पण वळणावर तिचे नाक बाहेरच्या बाजूला रेटत जाते अशी टीका त्या काळच्या मोटार-समीक्षकांनी केली, आणि १९६९ साली तिचे उत्पादन थांबले. त्यानंतर १९७३ साली त्याच एमजीबीत रोव्हरचे ३५२८ सीसीचे व्ही-८ इंजिन आले. ते मूळ इंजिनाच्या जवळपास दुप्पट क्षमतेचे असूनही संपूर्ण ॲल्युमिनियमच्या ठोकळ्याचे होते, त्यामुळे त्याचे वजन बिडाच्या चार सिलिंडरच्या इंजिनापेक्षा जास्त भरले नाही. आठ सिलिंडर ऐकून कोणी आधीच जाडजूड स्प्रिंगा मागवल्या असत्या, तर त्या चुकल्या असत्या.

म्हणून पहिले काम वजन करण्याचे. इंजिन उतरवल्यावर नुसता ठोकळा न तोलता त्याच्यासोबत गाडीत बसणारे सगळे तोलावे: अल्टरनेटर, स्टार्टर, क्लच, गिअरबॉक्स, भरलेला रेडिएटर, आणि नव्या गाडीत एसी घेणार असाल तर त्याचा कॉम्प्रेसर. जुन्या आणि नव्या संचांच्या वजनातला फरक आपल्याला हवा आहे. त्याशिवाय पूर्ण गाडीची पुढची दोन चाके काट्यावर घेऊन पुढच्या ॲक्सलवरचे वजन मोजावे. ट्रकचा वजनकाटा यासाठी चालतो, पण तो मोठ्या टप्प्यांनी वजन दाखवतो. चाकागणिक तोलणारे छोटे काटे मिळाले तर डावे-उजवे असे वेगवेगळे आकडे हाती येतात आणि ते अधिक उपयोगी पडतात. पेट्रोलची टाकी अर्धी भरलेली आणि चालकाच्या जागेवर माणूस बसलेला, अशी नेहमीची स्थिती ठेवावी.

वाढलेले सगळे वजन पुढच्याच चाकांवर येते असेही नाही. मुलांच्या सी-सॉवर मूल मध्याकडे सरकले की टोकावरचा भार कमी होतो, तसेच इंजिन आणि गिअरबॉक्स जितके मागे, तितका पुढच्या चाकांवरचा वाटा कमी. आपण हिशोबासाठी सोयीचे आकडे धरू. आपल्या गाडीचे आकडे प्रत्येकाने आपले मोजून घ्यावेत. पुढच्या ॲक्सलवर ४८० किलो आहेत. त्यांतले चाके, ब्रेक, हब यांचे ६० किलो स्प्रिंगांच्या खाली असतात आणि थेट रस्त्यावर टेकतात, त्यामुळे ते स्प्रिंगांना उचलावे लागत नाहीत. उरले ४२०, म्हणजे प्रत्येक बाजूला २१० किलो. नवा संच ५० किलोंनी जड आहे आणि त्यांतले ४० पुढे येतात, म्हणजे दर चाकामागे २०. नवा आकडा झाला २३०.

अडकित्त्याचा हिशोब

इथे एक अशी पायरी येते जी सुटली तर पुढचे सगळे गणित वाया जाते.

अडकित्त्यात सुपारी बिजागरीच्या जवळ असते आणि हात लांबच्या टोकाला. हात पुष्कळ हलतो, सुपारीकडची पात थोडीच हलते, पण सुपारीवर हाताच्या जोरापेक्षा किती तरी मोठा जोर पडतो. गाडीचा खालचा आर्म असाच आहे. चॅसिसकडे बिजागरी, बाहेरच्या टोकाला चाक, आणि मध्ये कुठेतरी स्प्रिंग. समजा, चाक १० मिलिमीटर वर गेले की स्प्रिंग ६ मिलिमीटर दबते. या ०.६ला तरफेचे प्रमाण म्हणू. चाकावर २१० किलो असतील तर स्प्रिंगेवर २१० भागिले ०.६, म्हणजे ३५० किलोंचा दाब असतो.

आता स्प्रिंग दबते कमी आणि तिच्यावर भार जास्त, अशी दोन्हीकडून तफावत पडल्यामुळे कडकपणाच्या हिशोबात ०.६ दोनदा येतो. चाकापाशी जाणवणारा कडकपणा हा स्प्रिंगेच्या कडकपणाच्या ०.६ गुणिले ०.६, म्हणजे ०.३६ पट असतो. चाकापाशी १.४३ हवा असेल तर स्प्रिंग जवळपास ४ची लागते. ज्याने ही पायरी वगळून १.४३चीच स्प्रिंग मागवली, त्याची गाडी उभ्या जागी, चाकाची वरची हालचाल अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यांवर टेकेल.

हे प्रमाण पुस्तकात शोधत बसण्याची गरज नाही. गाडी स्टँडवर घ्यावी, स्प्रिंग काढून ठेवावी, जॅकने चाक बरोबर २० मिलिमीटर वर उचलावे आणि स्प्रिंगेच्या बैठकींमधले अंतर किती कमी झाले ते मोजावे.

मग किती कडक?

पाळण्याला हलका झोका दिला की तो स्वतःच्या ठरावीक लयीत डोलतो. स्प्रिंगेवर ठेवलेल्या गाडीलाही अशी लय असते. शॉकअप नसते आणि बॉनेट दाबून सोडले असते, तर सेकंदाला ती किती वेळा वर-खाली झाली असती, तो आकडा म्हणजे तिची लय. साध्या प्रवासी गाडीसाठी ती सेकंदाला एक ते दीड यांच्या आसपास ठेवतात. त्याहून फार संथ असेल तर गाडी होडीसारखी हेलकावते. फार जलद असेल तर प्रत्येक खड्डा पाठीत कळतो. वजन वाढले की लय संथ होते, कडकपणा वाढला की जलद होते.

आपल्या उदाहरणात २१० किलो आणि चाकापाशी १.४३ कडकपणा यांची लय सेकंदाला १.३ येते. नवे इंजिन जुन्याच स्प्रिंगांवर ठेवले तर काय होईल? २० भागिले १.४३, म्हणजे नाक सुमारे १४ मिलिमीटर खाली जाईल आणि लय १.२४ होईल. डोळ्याला हे फार वाटत नाही. पण खड्ड्यात वर जाण्यासाठी चाकाला उरलेली जागा तेवढ्याने कमी झालेली असते, आणि आपल्याकडच्या गतिरोधकांवर तेच १४ मिलिमीटर आधी रबरी ठोकळ्याला आणि मग चॅसिसला भिडतात.

आता उलट बाजूने पाहू. वजन २१०वरून २३० झाले, म्हणजे साडेनऊ टक्के वाढले. कडकपणाही बरोबर साडेनऊ टक्के वाढवला, म्हणजे ४ची स्प्रिंग ४.३५ ते ४.४च्या दरम्यान नेली, तर लय पुन्हा १.३ होते. आणि मला या विषयातली सर्वांत समाधानाची वाटणारी गोष्ट ही की मोकळी लांबी तीच ठेवली तर उंचीही आपोआप जुन्या जागी येते. वजन आणि कडकपणा एकाच प्रमाणात वाढले की स्प्रिंग तेवढीच दबते जेवढी आधी दबत होती. दोन वेगळे प्रश्न, म्हणजे उंचीचा आणि चालीचा, एकाच गुणाकाराने सुटतात. निदान सुरुवातीचा अंदाज म्हणून याहून चांगला नियम मला माहीत नाही: पुढचे स्प्रिंगांवरचे वजन जितक्या टक्क्यांनी वाढेल, तितक्याच टक्क्यांनी स्प्रिंग कडक करावी.

साडेनऊ टक्के कडकपणा दिसायला किती असतो? वेढ्यांची संख्या आणि व्यास तोच ठेवला तर स्प्रिंगेचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणून १२ मिलिमीटरची तार १२.३ मिलिमीटर केली की काम झाले. पाव मिलिमीटरहून किंचित जास्त. ही तफावत नजरेने ओळखता येत नाही, व्हर्नियरनेच मोजावी लागते. त्यामुळे दुकानात दोन स्प्रिंगा शेजारी ठेवून ‘ही जरा जाड दिसते’ असे म्हणत निवडणे धोक्याचे आहे.

‘हेवी ड्यूटी’ घातल्या तर सुरक्षित नाही का?

हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो, आणि त्यामागची भावना मला समजते: कमी पडण्यापेक्षा जास्त बरे. पण समजा ४० टक्के कडक स्प्रिंगा त्याच लांबीच्या घातल्या. आपल्या उदाहरणात गाडीचे नाक मूळच्यापेक्षा सुमारे ३० मिलिमीटर उंच उभे राहील, आर्मचे कोन बदलतील, त्यांच्यासोबत चाकांचे अलाइनमेंट बदलेल, आणि लय १.४७पर्यंत जाईल. मागचे पाटे मात्र जुनेच.

इथे मॉरिस ऑली या अभियंत्याचे काम आठवावे लागते. १९३०च्या दशकात जनरल मोटर्समध्ये काम करताना त्यांनी दाखवून दिले की पुढची लय मागच्यापेक्षा थोडी संथ असावी. उंचवटा आधी पुढच्या चाकांना लागतो आणि क्षणभराने मागच्यांना. मागची बाजू थोडी जलद असेल तर ती पुढच्या बाजूला गाठते आणि गाडी सपाट होऊन शांत होते. पुढची बाजू जलद झाली तर हे गणित उलटते आणि गाडी घोड्यासारखी पुढे-मागे डोलत राहते. शिवाय वळणावर पुढची कडक बाजू बाहेरच्या पुढच्या टायरवर जास्त भार टाकते, त्यामुळे आधीच नाकाने जड झालेली गाडी वळायला आणखी नाखूश होते. एमजीसीवर झालेली टीका याच जातीची होती.

स्प्रिंग कापून किंवा खाली वॉशर घालून चालणार नाही का?

आठ वेढ्यांच्या स्प्रिंगेतला एक कापला तर उरलेली स्प्रिंग सुमारे १४ टक्के कडक होते, कारण तीच तार आता कमी वेढ्यांत पिळली जाते. पण लांबीही कमी होते, म्हणजे गाडी खाली जाते. शिवाय कापलेले टोक बैठकीत सपाट बसत नाही. गॅसने तापवून स्प्रिंग बसवण्याचा प्रकार तर कोणत्याही परिस्थितीत करू नये, कारण पोलादाला दिलेले पाणी उतरते आणि ती स्प्रिंग पुढे कधी मोडेल याचा भरवसा राहत नाही.

वॉशर किंवा स्पेसर हा त्यामानाने प्रामाणिक उपाय आहे, फक्त तो उंचीचा उपाय आहे, कडकपणाचा नाही. अडकित्त्याचा नियम इथेही लागतो: १० मिलिमीटरचा स्पेसर गाडी जवळपास १७ मिलिमीटर उचलतो. चाक पूर्ण वर गेल्यावर स्प्रिंग तेवढ्या १० मिलिमीटरांनी जास्त दबते, तेव्हा वेढे एकमेकांना टेकत नाहीत ना, हे आधी तपासावे.

जुनी स्प्रिंग मऊ झालेली असते ना?

बहुतेक वेळा नाही. पोलादाचा मूळ ताठपणा वर्षांनी कमी होत नाही. स्प्रिंग थकते म्हणजे ती कायमची थोडी आखूड होते. ती काढून काट्यावर दाबून पाहिली तर कडकपणा साधारण जुनाच मिळतो, मोकळी लांबी कमी भरते. म्हणून खाली बसलेल्या जुन्या गाडीची आजची उंची हे आपले लक्ष्य मानू नये. मूळची उंची निर्मात्याच्या दुरुस्ती-पुस्तिकेतून घ्यावी.

याला एक अपवाद आहे आणि कोकण-मुंबईच्या हवेत तो महत्त्वाचा आहे. गंजाने १२ मिलिमीटरची तार साडेअकरा झाली, तर चौथ्या घातामुळे कडकपणा तब्बल १६ टक्क्यांनी उतरतो, आणि गंजाच्या खड्ड्यांतून तडा सुरू होतो. अशी स्प्रिंग हिशोबात धरू नये, भंगारात द्यावी.

शॉकअपचे काय?

शॉकअप वजन उचलत नाही. पाळणा हाताने थोपवावा तसे ते डोलणे थांबवते. आपल्या साडेनऊ टक्क्यांच्या बदलाला साधारण तेवढेच जास्त थोपवणे लागते, आणि चांगल्या स्थितीतले नवे शॉकअप ते निभावते. ४० टक्के कडक स्प्रिंगांना मात्र जवळपास पाव पट जास्त जोराचे शॉकअप लागतात. नाहीतर गाडी प्रत्येक उंचवट्यानंतर उड्या मारत राहते आणि मालक पुन्हा स्प्रिंगांनाच दोष देतो.

विजेची मोटर बसवली तर?

तेव्हा प्रश्न उलटा होतो. मोटर आणि तिचा नियंत्रक जुन्या इंजिन-संचापेक्षा हलके निघाले आणि दर पुढच्या चाकामागे २५ किलो कमी झाले, तर नाक १७ मिलिमीटर वर येते आणि चाल कडक होते. म्हणजे इथे मऊ स्प्रिंगांची गरज पडते. बॅटऱ्या डिकीत गेल्या की मागचे पाटे दबतात. मुंबईकरांनी हे चित्र पाहिलेले आहे: टॅक्सीच्या डिकीत सीएनजीची टाकी आली, त्यावर प्रवाशांचे सामान आले, आणि मागची बाजू कायमची बसली. पुढचा आणि मागचा हिशोब तेव्हा एकत्रच करावा लागतो.

कागदपत्रे

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार नोंदणीत लिहिलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल नोंदणी अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून करता येत नाही, आणि इंजिन बदलणे त्यात येते. केंद्राने २०२१ साली व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. ती ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी आहे. पद्मिनी हे नाव १९७४चे, म्हणजे सुरुवातीच्या गाड्या आता त्या वयात पोहोचल्या आहेत. अशा गाडीचे इंजिन बदलण्याआधी मालकाने हा दरवाजा आपण बंद करतो आहोत याचा विचार करावा. माझे मत विचाराल तर, पहिल्या वर्षांतली, मूळ इंजिनासह टिकलेली पद्मिनी असेल तर तेच इंजिन दुरुस्त करावे.

बसवताना आणि नंतर

आपल्या उदाहरणातली स्प्रिंग गाडीखाली ८८ मिलिमीटर दबलेली असते. तेवढ्या दाबात साठलेली ऊर्जा म्हणजे १५ किलोंचे पोते एक मीटर उंचीवरून पडण्याएवढी. ती एका क्षणात सुटली तर हात किंवा चेहरा वाचत नाही, म्हणून स्प्रिंग काढताना-घालताना ती दाबून धरणारा योग्य स्प्रिंग-कॉम्प्रेसर वापरावा आणि आर्मखाली जॅक ठेवल्याशिवाय नट सोडू नये. गाडी उंचावर लटकत असताना आर्मच्या सांध्यांतल्या रबरी बुशांचे बोल्ट पूर्ण आवळू नयेत. ती चाकांवर उभी राहिल्यावर आवळावेत, नाहीतर रबर कायम पिळलेले राहते आणि उंचीचे माप खोटे येते.

नव्या स्प्रिंगा पहिल्या काही शे किलोमीटरांत थोड्या बसतात. त्यामुळे पहिल्या दिवशी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही चाकांना मोजून लिहून ठेवावे, ५०० किलोमीटरांनंतर पुन्हा मोजावे, आणि उंची बदलायची थांबली की मगच अलाइनमेंट व हेडलाइटचा कोन लावून घ्यावा.